एअर फ्रायरमधलं तेरियाकी चिकन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर फ्रायरमध्ये तेरियाकी चिकन करायला घेतलं की बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. सॉस करपतो, चिकन आतून कोरडं पडतं आणि वर हवी ती चकाकी काही येत नाही. ही चकाकी साधली की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून खालच्या उत्तरांत तिच्यावरच सर्वांत जास्त जागा खर्च केली आहे. प्रमाण साधारण ५०० ग्रॅम बोनलेस चिकनचं, म्हणजे तीन-चार माणसांच्या जेवणाचं. चमचा म्हटलं की १५ मिलीचा मोठा चमचा समजावा.

तेरियाकी हा सॉस आहे की पदार्थ?

जपानी घरांत तेरियाकी ही स्वयंपाक करायची एक पद्धत आहे. मासा किंवा चिकन तव्यावर भाजून घ्यायचं, मग सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर एकत्र करून त्यावर ओतायचं आणि आटवायचं. आटत जाताना त्याचा पातळ, चकचकीत थर मांसावर चढतो. तिकडे हिवाळ्यात बुरी नावाचा चरबीदार मासा येतो, त्याचं तेरियाकी घरोघरी होतं. चिकनचंही तितकंच होतं.

आपण बाटलीत बघतो तो दाट, लसूण-आल्याच्या चवीचा सॉस अमेरिकेच्या वाटेने आला. हवाई बेटांवर गेलेल्या जपानी कुटुंबांच्या स्वयंपाकात त्यात अननसाचा रस, ब्राऊन शुगर, आलं, लसूण असं काय काय मिसळलं. किक्कोमान कंपनीने १९६१ साली अमेरिकेत तेरियाकी सॉस बाटलीत भरून विकायला काढला. १९७६ साली तोशिहिरो कासाहारा यांनी सिएटलमध्ये ‘तोशीज तेरियाकी’ सुरू केलं आणि पुढे त्या शहरात गल्लोगल्ली तेरियाकीची दुकानं झाली. तिकडे जपानमध्ये मॉस बर्गर या बर्गरच्या दुकानांच्या साखळीने १९७३ सालीच तेरियाकी बर्गर आणला होता.

दोन्ही घराणी आपापल्या जागी चांगली आहेत. इथे मात्र जपानी घरगुती पद्धत धरली आहे. चार जिनसांत काम होतं, आणि लसणाचे बारीक तुकडे एअर फ्रायरच्या झोतात करपून कडू होतात, तो त्रासही टळतो.

एअर फ्रायरमध्ये खरंच जमतं का?

जमतं, पण क्रम बदलावा लागतो.

तव्यावर चिकन आणि सॉस एकाच भांड्यात असतात. चिकनचा रस सॉसमध्ये उतरतो, सॉस आटत चिकनवर चढतो. एअर फ्रायरच्या बास्केटला खाली भोकं असतात. ओतलेला सॉस चिकनवर थांबतच नाही, भोकांतून खाली ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथे पातळ थरात पसरून जळतो. जो वर राहतो त्याच्या डोक्यावर लगेच तापलेली कॉइल आणि पंख्याची गरम हवा असते. चिकन शिजायला पंधरा मिनिटं लागतात, साखर तेवढा वेळ ती आच सोसत नाही.

म्हणून चिकन एअर फ्रायरमध्ये कोरडंच शिजवायचं, सॉस शेजारी गॅसवर आटवायचा आणि दोघांची गाठ शेवटच्या तीन-चार मिनिटांत घालायची. हे एवढं सांभाळलं तर तव्यापेक्षा एक गोष्ट इथे जास्त चांगली होते. कातडी कुरकुरीत होते आणि तिच्यातली चरबी आपोआप निथळून जाते.

सॉसचं प्रमाण काय?

सोया सॉस ४ चमचे, मिरिन ४ चमचे, साके ४ चमचे, साखर २ चमचे. वेगळं मीठ घालायचं नाही.

आमच्या घरात दारू चालत नाही. मिरिन आणि साकेचं काय करायचं?

अस्सल मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, साकेमध्येही जवळपास तेवढंच. उकळल्यावर त्यातलं बरंचसं उडतं, पण सगळं उडून जातं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांना अजिबात नको असेल त्यांनी दोन्ही बाजूला ठेवावं.

साकेऐवजी तेवढंच पाणी किंवा बिनमिठाचं चिकन स्टॉक घाला. मिरिनच्या ४ चमच्यांऐवजी ४ चमचे पाणी, वर सव्वा चमचा जास्तीची साखर आणि राइस व्हिनेगरचे चार थेंब. बाजारात मिरिनच्या चवीचं तयार सीझनिंग मिळतं, त्यात अल्कोहोल १ टक्क्याहून कमी असतं. तेही चालतं, पण ते मुळात गोड असल्यामुळे साखर अर्धा चमचा कमी करा. चवीत फरक पडतो का? थोडा पडतो, मिरिनचा गोडवा जास्त मऊ लागतो. चकाकी मात्र जवळजवळ तशीच येते, कारण ती मुख्यतः साखरेच्या जोरावर असते.

घरात चायनीजसाठी आणलेला डार्क सोया सॉस आहे. तो चालेल?

शक्यतो नको. जपानी पद्धतीचा सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी आंबवून मुरवलेला असतो. बाटलीवरच्या यादीत साधारण एवढीच नावं दिसायला हवीत. आपल्याकडच्या बऱ्याच डार्क सोयामध्ये रंगासाठी कॅरमेल घातलेलं असतं. मंचुरियनमध्ये चमचाभर घालताना ते जाणवत नाही, पण इथे आपण सॉस निम्म्यावर आणतो. आटला की तो काळाकुट्ट होतो आणि कडवटपणा वर येतो. दुसरं काहीच हाताशी नसेल तर लाइट सोया ३ चमचे आणि पाणी १ चमचा घ्या.

ज्यांना गहू चालत नाही त्यांनी तमारी हा जपानी सोया सॉसचा प्रकार घ्यावा. तो बहुतेक वेळा गव्हाशिवाय केलेला असतो, तरी लेबल वाचूनच घ्या. सोयाची अॅलर्जी असेल तर हा पदार्थ सोडून दिलेला बरा.

साखरेऐवजी गूळ किंवा मध?

गूळ चालतो. किसून, सॉसमध्ये आधी पूर्ण विरघळवून आणि गाळून घ्या, कारण तळाशी कचकच राहते. रंग गडद येतो आणि गुळाची स्वतःची चव लागते. मला ती चिकनबरोबर आवडते, माशाबरोबर नाही. चिक्कीचा गूळ घेऊ नका, आटताना तो फार लवकर चिवट होतो.

मध घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर चमचाभर घाला. मधातली साखर कमी आचेवरच रंग धरते, त्यामुळे एअर फ्रायरमध्ये ती सगळ्यात आधी करपते.

चिकन कोणतं घ्यावं?

लेगचं, कातडीसकट. याला दुसरा तोडीचा पर्याय नाही.

आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी सोलून टाकतो, म्हणून आधीच सांगावं लागतं. ‘लेगचं बोनलेस करून द्या, पण कातडी काढू नका’ असं सांगितलं की तो मांडीचं हाड काढून सपाट तुकडा देतो. सुपरमार्केटच्या पाकिटात हे क्वचित मिळतं, ओळखीच्या दुकानदाराकडे हमखास मिळतं. लेगच्या मांसात चरबी आणि तंतू जास्त असल्यामुळे दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते मऊ राहतं. शिवाय कातडीवर सॉसचा थर जसा बसतो तसा उघड्या मांसावर बसत नाही.

घरी आणल्यावर तुकडा ओट्यावर उलगडून बघा. एका बाजूला जाड गोळा असतो आणि दुसरी बाजू पातळ. जाड भागाला सुरीने आडवी चीर देऊन तो पुस्तकासारखा उघडा, म्हणजे सगळीकडे साधारण दीड सेंटीमीटर जाडी येईल. कातडीला टाचणीने किंवा काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचा, चरबीला बाहेर पडायला वाट मिळते.

बिनकातडीचं लेगही चांगलं होतं. ब्रेस्ट घेणार असाल तर वेळेचं काटेकोर बघावं लागेल. हाडासकट लेगपीस होतात, पण त्यांना जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि सॉस गोलाईवरून घसरतो.

आधी मुरवून ठेवायचं का?

सॉसमध्ये नको. तंदुरीसारखं रात्रभर मुरवायची आपल्याला सवय असते, पण इथे ती अंगाशी येते. साखर आत-बाहेर लागलेलं चिकन मांस शिजायच्या आधीच वरून काळं होतं, आणि ओली कातडी कुरकुरीत होत नाही.

चिकनला चमचाभर आल्याचा रस चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी अगदी कोरडं करा. त्यावर चमचाभर कॉर्नफ्लोअर चाळणीतून भुरभुरवा आणि जास्तीचं झटकून टाका. जपानमध्ये यासाठी बटाट्याचं स्टार्च वापरतात. हा पिठाचा पातळ पापुद्रा नंतर सॉस धरून ठेवतो. वर एक छोटा चमचा तेल हाताने लावा, म्हणजे कोरडं पीठ पांढरं राहणार नाही.

चिकन धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन धुवा. वाहत्या नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, भाजीवर, भांड्यांवर उडतात आणि त्यांबरोबर जंतूही पसरतात. आणि कच्चं चिकन ज्यात बुडालं होतं असा कुठलाही सॉस खळखळून उकळल्याशिवाय ताटात जाता कामा नये.

तापमान आणि वेळ नेमकी किती?

एअर फ्रायर ३ ते ५ मिनिटं रिकामा तापवून घ्या. तुकडे एका थरात, मध्ये बोटभर जागा सोडून ठेवा. चार लिटरच्या बास्केटमध्ये तीन-चार तुकडे बसतात. एकावर एक रचले तर ते भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात, म्हणून गरज पडली तर दोन खेपा करा.

कातडीवाल्या बोनलेस लेगसाठी : १९० अंशांवर कातडी खाली ठेवून ७ मिनिटं. उलटा. आता कातडी वर, २०० अंशांवर ६ ते ७ मिनिटं. कातडी सोनेरी झाली आणि हाताला टणक लागली की ब्रशने सॉसचा एक पातळ थर लावा, १८० अंशांवर २ मिनिटं ठेवा. दुसरा थर लावा, आणखी १ मिनिट. या शेवटच्या टप्प्यात जवळून हलू नका.

ब्रेस्टसाठी १८० अंशांवर एकूण १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून, सॉस शेवटच्या ३ मिनिटांत. हाडाच्या लेगपीसना १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, सॉस तसाच शेवटी.

प्रत्येक यंत्राची आच वेगळी असते. लहान बास्केटमध्ये कॉइल चिकनच्या जास्त जवळ येते, तिथे १० अंश कमी ठेवून सुरुवात करावी.

चिकन आत शिजलं हे कसं ओळखू?

पाचशे-सातशे रुपयांत मिळणारा, टोक खुपसायचा थर्मामीटर घ्या. एअर फ्रायरसाठी काही विकत घ्यायचं असेल तर आधी हेच. सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दाखवलं की चिकन खायला सुरक्षित. ब्रेस्ट तिथेच थांबवा. लेग ८० अंशांपर्यंत जाऊ द्या, तिथे तंतू सैल होऊन ते जास्त मऊ लागतं. थर्मामीटर नसेल तर जाड भागात चीर देऊन बघा, रस स्वच्छ हवा आणि मांस कुठेही पारदर्शक दिसता कामा नये. सॉसच्या तपकिरी रंगावर विसंबू नका, तो आतलं काहीच सांगत नाही.

सॉस किती आटवायचा? माझा एकतर पाणी राहतो, नाहीतर दगड होतो.

सगळा खेळ इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

चिकन उलटलं की सॉसचं पातेलं गॅसवर ठेवा. पसरट आणि आतून फिकट रंगाचं पातेलं घ्या, काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही. चारही जिनसा एकत्र करून मध्यम आचेवर उकळी आणा. सुरुवातीला वर बारीक, फेसाळ, घाईघाईने फुटणारे बुडबुडे दिसतात आणि नाकाला साकेचा उग्र वास येतो. तीन-चार मिनिटांनी तो वास जाऊन खमंग वास येऊ लागतो. मग बुडबुडे मोठे होतात, चकचकीत होतात आणि सावकाश फुटतात. इथे आच मंद करा. चमचा तळावरून ओढला की मागे वाट उघडी पडते आणि क्षणभराने सॉस पुन्हा जुळून येतो. चमच्याची पाठ झाकली जाते आणि बोट फिरवलं तर रेघ टिकते. झालं, गॅस बंद. सुमारे निम्मा सॉस उरलेला असेल.

पाकातले लाडू करणाऱ्या घरात हे एका वाक्यात सांगता येतं : एकतारी पाकाच्या अलीकडेच थांबायचं. गार झाल्यावर सॉस आणखी दाट होतो, त्यामुळे पातेल्यात बरोबर वाटणारा सॉस ताटात टॉफी होतो. जास्त आटला तर दोन चमचे गरम पाणी घालून हलवा, लगेच सुधारतो. करपल्याचा वास आला असेल तर मात्र टाकून नवा करा, कडवटपणा कशानेही झाकला जात नाही.

आता तव्यावरच्या पद्धतीतली जी गोष्ट आपण गमावली होती, ती परत मिळवता येते. चिकन उलटताना ड्रॉवरमध्ये बघा. तळाशी चमचा-दोन चमचे रस जमलेला असतो, वर चरबी तरंगते. तुकडे ताटलीत काढा, ड्रॉवर तिरपा करून वरची चरबी चमच्याने काढून टाका आणि खालचा तपकिरी रस उकळत्या सॉसमध्ये घाला. तो सॉसबरोबर निदान दोन मिनिटं खळखळला पाहिजे. या चमचाभर रसाने सॉसला जी खोली येते ती बाटलीतल्या कुठल्याही सॉसला नाही. रस काळा पडला असेल तर घालू नका.

कॉर्नफ्लोअर लावून सॉस दाट केला तर चालेल का?

चालतो, पण चकाकी मंद पडते आणि सॉस चिकट लापशीकडे झुकतो. वेळ नसेल तेव्हा पाव चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला, त्याहून जास्त नको.

एअर फ्रायरमधून धूर येतो. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. कातडीची चरबी खाली तापलेल्या ड्रॉवरवर पडते आणि धुरते. ड्रॉवरमध्ये दोन चमचे पाणी घातलं की धूर थांबतो, मात्र मग खालचा रस पातळ होतो, तो सॉसमध्ये घालून उपयोग नाही. निळसर धुराबरोबर करपट गोड वास आला तर सॉस जळतोय, लगेच बंद करा. आधीच्या खेपेचे सांडलेले थेंब कॉइलवर राहिले असतील तरी धूर येतो.

बटर पेपर किंवा अॅल्युमिनियम फॉइल घालू का?

पहिल्या टप्प्यात नको, खालून हवा खेळली पाहिजे. सॉस लावल्यानंतरच्या तीन मिनिटांसाठी भोकं पाडलेला बटर पेपर घातला तर धुणं वाचतं. तो चिकनच्या वजनाखालीच हवा. रिकाम्या बास्केटमध्ये कागद ठेवून यंत्र तापवलं तर तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर?

आकडे समोर ठेवते, निर्णय तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी घ्यावा. एक चमचा जपानी सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. वरच्या प्रमाणात ४ चमचे आहेत, म्हणजे चार माणसांत वाटलं तरी प्रत्येकी ९०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. कमी मिठाचा सोया सॉस घेतला तर हे बऱ्यापैकी खाली येतं. दुसरा उपाय म्हणजे सॉस फक्त ब्रशने लावायचा, वरून ओतायचा नाही.

साखर अर्धी करता येते, चकाकीही थोडी कमी होईल. पूर्ण वगळली तर ते सोया सॉस लावलेलं चिकन होईल, तेरियाकी होणार नाही. मिरिनमध्येही साखर असते हे हिशोबात धरा.

बरोबर काय वाढायचं?

साधा पांढरा भात. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो, चॉपस्टिकने उचलता येतो. तो महाग पडतो, आणि आपल्याकडे मावळातला इंद्रायणी त्याच्या जवळ जातो. थोडं कमी पाणी घालून, मीठ न घालता शिजवा. बासमती इथे नको, सॉस दाण्यांवरून निसटून तळाशी जातो. बाजूला अगदी बारीक चिरलेला कच्चा कोबी, वर पातीचा कांदा आणि भाजलेले तीळ. काकडीच्या चकत्या मीठ लावून पिळून, व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालून ठेवल्या तर गोड सॉसच्या जोडीला त्यांचा आंबटपणा छान लागतो.

चिकन बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटं थांबा, मग कातडी वर ठेवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि उरलेला सॉस शेवटी वरून सोडा.

उरलं तर?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आपल्या उन्हाळ्यात तासाभरात. तीन दिवस नीट राहतं. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून १६० अंशांवर ४-५ मिनिटं, आतपर्यंत वाफ येईस्तोवर. कातडी पहिल्यासारखी होत नाही. डब्यात न्यायचं असेल तर भात आणि चिकन दोन्ही पूर्ण निवल्यावर झाकण लावा.

चिकटलेला सॉस निघत नाही.

बास्केट कोमट असतानाच गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून अर्धा तास ठेवा. साखर विरघळते, घासायची गरजच पडत नाही. तारेची घासणी नॉनस्टिकवर चालवू नका. कॉइल महिन्यातून एकदा, प्लग काढून आणि यंत्र गार झाल्यावर, ओल्या फडक्याने पुसा.

वीज किती लागते?

१५०० वॅटचं यंत्र सलग २० मिनिटं चाललं तर अर्धं युनिट. ते साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

हेच पनीर, टोफू किंवा माशाचं होईल का?

टोफू सर्वांत छान. कडक टोफू फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, पाणी निघालं की चौकोनी तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून २०० अंशांवर १२ मिनिटं, मग सॉस. पनीर १८० अंशांवर ६-७ मिनिटांत होतं, जास्त ठेवलं तर चामड्यासारखं होतं. वांगीही करून बघा, जपानमध्ये ती आवडीने करतात. उभी कापून, तेल जरा सढळ हाताने लावून १९० अंशांवर १२ मिनिटं.

मासा तर या पदार्थाचा मूळ धनी. आपल्याकडे सुरमईचे दोन सेंटीमीटर जाडीचे तुकडे त्याला अगदी योग्य आहेत. तुकड्यांना अर्धा छोटा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुसून टाका, वास त्याबरोबर जातो. हे मीठ लावलं तर सॉसमधला सोया अर्धा चमचा कमी करा. कॉर्नफ्लोअर आणि तेल चिकनसारखंच. १९० अंशांवर ८ मिनिटं, न उलटता, मग सॉस लावून २ मिनिटं. बांगडा चालतो, पण त्याची स्वतःची चव तिखट-कोकमाकडे जास्त ओढते. पापलेट यात वाया घालवू नका.